कोरफडीचं जेल आधी थांबवा

साताऱ्याच्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत थोडक्यात देते: "ताई, मी नोकरी करते, वय ३६. पाच वर्षं घरी साबण, उटणं, केसांचं तेल आणि कोरफडीचं जेल करते. गेल्या दिवाळीत ४२ हजारांची विक्री झाली. तीन लाख साठवलेत. नोकरी सोडून स्वतःचा ब्रँड काढावा का? लायसन्स लागतं का? बाटलीवर 'केमिकल फ्री' लिहिलं तर चालेल का? किंमत कशी ठरवायची? मिस्टर म्हणतात, करायचं तर कर्ज काढून मोठंच करू."

सगळ्याची उत्तरं देते, पण तुम्ही न विचारलेलं एक आधी सांगते. कोरफडीचं जेल आजपासून थांबवा. साबण, उटणं, तेल यांचं पुढे बघू, पण जेलची एकही बाटली घराबाहेर जाऊ देऊ नका.

त्यात पाणी आहे, एवढंच कारण. गर काढून मिक्सरला फिरवला, गाळला, बाटलीत भरला, की बुरशी आणि जिवाणूंसाठी ताट वाढून ठेवल्यासारखंच. वास येईपर्यंत तुम्हाला कळत नाही, आणि त्याच्या कितीतरी आधी ते खराब झालेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवा असं शंभरदा सांगितलं तरी गिऱ्हाईक बाटली बाथरूममध्येच ठेवणार, ओल्या बोटांनी जेल काढणार आणि डोळ्यांखाली लावणार. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घातली की झालं, असं बऱ्याच जणी मानतात. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशीला काही करत नाही. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट या माल टिकवणाऱ्या पदार्थांची, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हची, जोडी चांगली आहे, पण ती आंबट माध्यमातच काम करते. पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, साडेपाचच्या वर गेला की नावापुरती उरते. म्हणजे आधी पीएच मोजायला हवा. मग प्रयोगशाळेत मालात मुद्दाम जंतू सोडून प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना पुरून उरतो का, ती चाचणी करून घ्यायला हवी. हे पुढे कधीतरी जरूर करा. आज स्वयंपाकघरात नाही.

सुरुवात पाणी नसलेल्या वस्तूंनी करा: कोरडं उटणं, तेल, मलम, साबण. त्यांच्याही खोड्या आहेत, पण त्या सांभाळता येतात.

मी कोण ते सांगते, म्हणजे माझा सल्ला कुठून येतोय ते कळेल. रत्नागिरीत सतरा वर्षं हे काम करते. पहिली तीन वर्षं घराच्या पडवीत, आता मिरजोळे एमआयडीसीत भाड्याची शेड. आम्ही नऊ जणी आहोत आणि पाच वस्तू करतो. मध्यंतरी एकवीस वस्तू होत्या. एकवीसवरून पाचवर कशी आले, त्यातच तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आपल्या धंद्यात एक मूळचाच झगडा आहे. निसर्गातून आलेला माल दर खेपेला वेगळा असतो, आणि गिऱ्हाईक ब्रँडकडून दर खेपेला तेच मागतं. मोठ्या कंपन्यांनी हा झगडा शुद्ध केलेली, रंग-वास काढून टाकलेली तेलं वापरून मिटवला. आपण घाण्याचं तेल, पाट्यावरची हळद असं कौतुकाने सांगतो, म्हणजे तो झगडा हौसेने घरात आणतो. मग तो रोज निस्तरावा लागतो.

माझं टाचांचं मलम घ्या. त्यात मुठेल असतं, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. आमच्या आज्या पावसाळ्यात भेगांना तेच लावायच्या. हे तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून टाचेवर ठेवलं की हळूहळू मऊ होतं. पहिल्या वर्षी मी गावातल्या दोन बायकांकडून हाताने काढलेलं मुठेल घेतलं. एक खेप पांढरी शुभ्र आली, दुसरी पिवळसर, आणि तिला धुराचा वास. दोन्हींचं मलम एकाच डबीत, एकाच लेबलाखाली विकलं. पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी लिहून कळवलं, "मागच्या वेळचं खरं होतं, हे भेसळीचं आहे." दोन्ही खरीच होती, पण हे तिला सांगून उपयोग काय? वर थंडीत मलम रवाळ झालं, बोटाला वाळू लागावी तसं. सावकाश थंड होताना घट्ट चरबीचे कण धरतात हे नंतर समजलं. आता आम्ही ते पूर्ण वितळवतो, काही वेळ त्याच तापमानाला ठेवतो आणि डब्या भरून लगेच थंड करतो. मुठेल येतं तेव्हा खेपेगणिक एक छोटी बाटली तारीख घालून कपाटात ठेवतो. दोन खेपांचा रंग फार वेगळा असेल तर त्या मिसळून एकसारख्या करतो. आणि डबीवर छापलं आहे की वास थोडा बदलू शकतो. तक्रारी संपल्या असं नाही, पण "भेसळ" हा शब्द परत आला नाही.

साबणात तर हे आकड्यांत बसतं. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पाच टक्के तेल मोकळं राहावं म्हणून आपण १७४ च्या आसपास घेतो. पण तेलवाल्याने खोबरेलात दुसरं स्वस्त तेल मिसळलं असेल तर त्याला सोडा कमी लागतो. मग तुमचा हिशेब बरोबर असूनही साबणात सोडा उरतो आणि तो कातडी ओढतो. म्हणून दर डब्याबरोबर तेलवाल्याकडून तपासणीचा कागद मागा. देत नसेल तर दुकान बदला, मग तो नात्यातला का असेना. साबण चार ते सहा आठवडे वाळवा. दिवाळीची घाई आहे म्हणून तीन आठवड्यांत विकू नका, मऊ राहतो आणि बाथरूममध्ये विरघळून जातो. पाच वर्षांत तुम्हाला हे माहीत झालंच असेल. माहीत असूनही ऑक्टोबरमध्ये हात शिवशिवतात, म्हणून परत सांगितलं.

हळदीचा साबण हा माझा पहिला फजितीचा प्रकार. पिवळाधमक होईल या अपेक्षेने साच्यात ओतला आणि सकाळी विटेसारखा लालसर निघाला. हळद सोड्यात लाल होते, आपलं कुंकू याच करामतीवर बनायचं, आणि मला नेमकं तेव्हाच ते आठवलं नाही. नंतर महिनाभर दुकानाच्या काचेत उन्हात राहून तोच साबण फिका पडला. त्या ४० वड्या आम्ही घरी वर्षभर वापरल्या.

उटण्यात पाणी नाही म्हणून ते निर्धोक, असंही नाही. वाळा, नागरमोथा, कचोरा ही मुळं-कंद मातीतून येतात. धुऊन, कडक वाळवून, वस्त्रगाळ करेपर्यंत त्यांच्यासोबत काय काय येतं ते सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघाच. आंबेहळद आणि संत्र्याची साल नीट वाळली नाही तर दोन महिन्यांत पुडीत किडे. आणि लिंबाचा रस किंवा लिंबाचं सुगंधी तेल चेहऱ्याला लावून उन्हात जायच्या वस्तूत घालू नका. कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. दालचिनीचं तेल तर चेहऱ्यापासून लांबच ठेवा.

आता लायसन्स. हो, लागतं. साबण, उटणं, तेल, तिन्हींना. अंगाला चोळायची, लावायची, शिंपडायची, स्वच्छ किंवा सुंदर करायची वस्तू म्हणजे कायद्याने सौंदर्यप्रसाधन, आणि ते विक्रीसाठी बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स हे त्याचे नियम. दिवाळीत गल्लोगल्ली उटणं विकलं जातं आणि कुणी विचारत नाही, हे खरं आहे. पण एका गिऱ्हाइकाला पुरळ उठलं आणि तिने तक्रार केली, तर तुमच्या बाजूने दाखवायला एकही कागद नसतो. विनापरवाना उत्पादनावर कायद्याने कारवाई होऊ शकते.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. स्वतःची जागा घेऊन परवाना काढायचा, तो फॉर्म सीओएस-८. त्यासाठी राहत्या घरापासून वेगळी, धुता येणारी, वस्तूच्या प्रकारानुसार पुरेशी मोठी जागा लागते, आणि कामावर रसायनशास्त्र किंवा फार्मसी शिकलेली व्यक्ती. घरचं स्वयंपाकघर दाखवून हा परवाना मिळत नाही. दुसरी वाट लोन लायसन्सची, फॉर्म सीओएस-९. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात, त्याची यंत्रं वापरून तुम्ही तुमचा माल बनवता. या 'लोन'चा बँकेच्या कर्जाशी काही संबंध नाही, नावावरून माझ्या सासूबाई घाबरल्या होत्या. तिसरी वाट थर्ड पार्टीची: कारखानदार त्याच्या परवान्यावर बनवतो, लेबलवर 'निर्माता' तो आणि 'विक्रेता' तुम्ही. फक्त विकायला सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा परवाना लागत नाही.

थर्ड पार्टी सगळ्यात सोपी वाटते आणि बहुतेक नवे ब्रँड तिथूनच निघतात. माझी तक्रार एवढीच की कारखानदार त्याचा तयार नुसखा देतो. तुमच्या शेजारच्या ब्रँडलाही तोच देतो, वास बदलून. कमीत कमी पाचशे किंवा हजार नग घ्यावे लागतात. मी एकदा असं फेसवॉश करून घेतलं. पहिली खेप सुरेख. दुसऱ्या खेपेत त्यांनी मला न विचारता एक घटक बदलला, लेबलं मात्र माझी जुनीच लावली. मला चार महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्याच एका कामगाराकडून. सगळा माल परत बोलावला. म्हणून तुमच्यासारख्या हाताने काम जमणाऱ्या बाईला मी लोन लायसन्स सुचवेन: महिन्यातून चार दिवस जा, स्वतः समोर उभं राहून बनवा, स्वतःच्या वहीत नोंद करा. कारखाना तासाभराच्या अंतरावरचा शोधा. मग शनिवार-रविवार धरून नोकरी सांभाळूनही हे होतं.

आयुर्वेदिक परवान्याचा विचार तुमच्या मनात असणार, कारण तेलात माका आणि ब्राह्मी आहे. तो वेगळा परवाना, वेगळे नियम, कामावर आयुर्वेद शिकलेला माणूस. त्यात शिरायचं की नाही हे वस्तू बनवण्याआधी ठरवा, नंतर नाही. सौंदर्यप्रसाधन आणि आयुर्वेदिक औषध यांच्यातली रेघ किती महाग पडते याचं आपल्याकडचं उदाहरण विकोचं आहे. विको टर्मरिक क्रीम नेमकी कशात मोडते यावर अबकारी खात्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तेवढा दम त्यांच्याकडे होता. तुमच्या-माझ्याकडे नाही.

'केमिकल फ्री' लिहू नका. साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होतच नाही. वाळेपर्यंत तो उरत नाही हे खरं, पण तुमच्या खरेदीच्या पावतीवर त्याचं नाव आहेच. पाणीही केमिकलच. उलट घटकांची पूर्ण यादी, जास्तीपासून कमीकडे, स्वच्छ अक्षरांत छापा. कायद्याने ती द्यावीच लागते, आणि वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातून जो विश्वास वाटतो तो 'फ्री' शब्दांतून वाटत नाही. त्याखेरीज बॅच नंबर, परवाना क्रमांक, निर्मात्याचा पत्ता, वापराची मुदत, वजन किंवा माप, सर्व करांसहित किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन. वनस्पतिजन्य असेल तर हिरवा ठिपका, प्राणिजन्य असेल तर लाल किंवा तपकिरी. साबण-शांपूसारख्या वस्तूंसाठी तो २०१४ मध्ये आला. वैध मापनशास्त्र खात्याकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या खात्याकडे, पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते. ती राहून जाते आणि मग प्रदर्शनात निरीक्षक येतो तेव्हा धावपळ.

दाव्यांबद्दल मी जरा कडक आहे. "केस गळणं थांबतं", "डाग जातात", "पिंपल बरे होतात" यातलं एकही वाक्य बाटलीवर, पत्रकावर किंवा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर नको. बरं करणं हे औषधाचं काम, आणि तसं म्हटलं की तुम्ही बिनपरवाना औषध विकणाऱ्या होता. औषधांच्या नियमांना 'शेड्यूल जे' नावाची एक यादी जोडली आहे. त्यातले विकार बरे करतो असं खऱ्या औषधालाही म्हणता येत नाही. टक्कल, नवे केस उगवणं आणि त्वचा गोरी होणं हे तिन्ही त्या यादीत आहेत. जे औषधालाही म्हणायची मुभा नाही ते माक्याच्या तेलाने का म्हणावं? "केसांना तेल चोळल्यावर ते मऊ राहतात, विंचरायला सोपे जातात" हे म्हणा. खरं आहे आणि तेवढ्यावरही विकलं जातं. उटण्याला "गोरेपणा" हा शब्द तर मी कायद्याची भीती नसती तरी लावू दिला नसता. आमच्या शेडमध्ये काम करणाऱ्या नऊ जणींपैकी सात जणींना त्या शब्दाने लग्नाच्या वेळी छळलेलं आहे.

किमतीवर थोडी सावकाश बोलते, कारण तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत मोठी गफलत आहे. १०० मिलीच्या तेलाला तुम्हाला ६८ रुपये पडतात आणि तुम्ही ते १५० ला विकता, म्हणजे ८२ रुपये सुटले असं लिहिलंत. त्या ६८ मध्ये फक्त तेल, औषधी वनस्पती, बाटली आणि लेबल आहे. तुमची मजुरी कुठे आहे? गॅस, खोलीचं भाडं, तपासणीचा खर्च, फुटलेल्या बाटल्या, नमुने म्हणून वाटलेल्या बाटल्या? हे सगळं धरलं तर खरी किंमत ११० च्या घरात जाते. माझ्याकडे अशाच तेलाला तेवढीच पडते.

आता समजा एमआरपी २२० ठेवली, खर्चाच्या दुप्पट, म्हणजे भरपूर. सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १८ होता. साबणाच्या वडीलाही ५ झाला, पण चेहऱ्याच्या क्रीमला १८ च राहिला. २२० मधून कर वजा जाता २०९ उरले. दुकानदार ३५ टक्के मागतो, कधी ४०. राहिले १३६. माल पोचवणं आणि फुटतूट यांचे १४ काढा, १२२. त्यातून ११० गेले. तुमच्या हातात १२ रुपये, तेही दोन महिन्यांनी, न विकलेल्या बाटल्या परत घेऊन. एक बाटली फुटली की नऊ बाटल्यांची कमाई गेली. कुरियरने थेट विकलं तर पाठवणं आणि पॅकिंगचे ७५, पैसे जमा करणाऱ्या कंपनीचे ५, उरतात १९-२०, आणि जाहिरातीला अजून हात लावलेला नाही. घरपोच पैसे देण्याची सोय ठेवली आणि पार्सल परत आलं तर जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं तुमचं.

तीच बाटली ३९९ ला ठेवली तर दुकानातून सगळं जाऊन १२० च्या आसपास उरतात. त्यातून पुढची खेप, पगार, नवा साचा, काही तरी उभं राहतं. तुम्ही म्हणाल, साताऱ्यात ३९९ ला कोण घेणार? काही जणी नाही घेणार. मग ५० मिली करा, बाटली साधी करा, डबा काढून टाका, पण खर्चाच्या साडेतीन पटीच्या खाली दुकानांत जाऊ नका. प्रदर्शनात मैत्रिणींना १५० ला आणि दुकानात ३९९ ला असंही चालत नाही. दुकानदाराला आठ दिवसांत कळतं.

आणि स्वतःचा पगार पहिल्या महिन्यापासून वहीत लिहा, हातात घेतला नाहीत तरी. बायकांच्या धंद्यांचं हे जुनं दुखणं आहे. आपण आपला वेळ घरकामाच्या खात्यात टाकतो, म्हणून वस्तू स्वस्त दिसते. उद्या तुमच्या जागी दुसरी बाई ठेवायची वेळ आली की तिचा पगार त्या किमतीत बसत नाही, आणि धंदा तुमच्या दोन हातांएवढाच राहतो. मी पाच वर्षं तशीच अडकले होते.

कर्जाबद्दल मिस्टरांचं म्हणणं मनापासून असेल, पण मी त्यांच्या बाजूने नाही. 'बॉडी शॉप' या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडच्या अनिता रॉडिक यांनी १९७६ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनला पहिलं दुकान काढलं. त्या स्वतः सांगत की पहिल्यांदा नवऱ्याशिवाय बँकेत गेल्या तेव्हा कर्ज नाकारलं. दुसऱ्यांदा नवऱ्याला बरोबर घेऊन, नीट कपडे करून गेल्या तेव्हा चार हजार पौंड मिळाले. तेवढ्यावर बाटल्याही पुरेशा येईनात, म्हणून गिऱ्हाइकांनी रिकाम्या बाटल्या परत भरून न्याव्यात अशी सोय केली. भिंतींची ओल दिसू नये म्हणून गडद हिरवा रंग दिला, आणि तोच पुढे त्यांची ओळख झाला. मला त्यातला बँकेचा भाग फार ओळखीचा वाटतो. माझ्या अर्जावर सही माझी, शेड माझ्या नावावर, तरी "साहेब कुठायत?" हा प्रश्न मला दोनदा आला. म्हणून परवाना, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद), बँक खातं, ट्रेडमार्क, सगळं पहिल्या दिवसापासून तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या. यात घरातल्यांवर अविश्वास नाही. पुढे कर्ज घ्याल तेव्हा व्यवहाराचा इतिहास तुमचा दिसला पाहिजे.

कर्ज घ्यायचंच झालं तर 'पीएमईजीपी' ही कर्जावर अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना बघा. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, महिलांना स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. दोन गोष्टी मात्र कुणी आधी सांगत नाही. अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं. आणि ही योजना नव्या उद्योगाला आहे. आधीच धंद्याची नोंदणी करून बसलात तर अर्जच बाद होऊ शकतो. म्हणून उद्यमचा फॉर्म भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा.

पण आत्ता नको. तुमच्याकडे तीन लाख आहेत. त्यातले एक लाख बाजूला काढा आणि विसरा. एखादी खेप बिघडेल किंवा दुकानदार पैसे थकवेल तेव्हा ते लागतील. उरलेल्या दोन लाखांत तेल आणि उटणं अशा दोनच वस्तू घ्या. साबण नंतर, कारण तो महिना-दीड महिना पैसे आणि जागा अडवून बसतो. नाव ठरवलं की ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ३ मध्ये, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या वर्गात, ते कुणाचं आहे का ते फुकट तपासता येतं, एकटीच्या नावाने अर्जाची फी ४,५०० रुपये. 'शुद्ध', 'नॅचरल' असं वर्णनाचं नाव घेऊ नका, नोंदणी मिळायला त्रास होतो. बाटल्या हजाराच्या खाली कुणी देत नाही, तर दोन्ही मापांना एकच बुच बसेल अशा घ्या. सुरुवातीला लेबलं कमीच छापा. काही ना काही चुकतंच.

राज्याबाहेर एक बाटली जरी विकली तरी जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असो. सीए गाठा. उटणं करात कशात बसतं हेही त्यांनाच विचारा.

नोकरी सोडू नका. दिवाळीचे ४२ हजार मला फारसं काही सांगत नाहीत, कारण दिवाळीत आपली माणसं घेतातच. मला तुमचा जून सांगा. भर पावसात, कुठलाही सण नसताना, ओळख नसलेल्या किती जणींनी दुसऱ्यांदा तेल मागवलं? वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहा आणि चार महिन्यांनी बघा. पहिल्यांदा घेतलेल्या दहातल्या तीन जणी परत आल्या तर माल चांगला आहे. एक आली तर वास, बाटली, किंमत यातलं काहीतरी चुकलंय. त्यांना फोन करून विचारा, बायका खरं सांगतात. सणांची विक्री वगळून सलग बारा महिने तुमचा निम्मा पगार निघू लागला की राजीनाम्याचा विचार करा.

भीमथडी जत्रा, महालक्ष्मी सरस अशी प्रदर्शनं करा, पण पहिल्या वर्षी विक्रीसाठी म्हणून नाही. टेबलामागे उभं राहून बाई बाटली उचलते, वास घेते, मागची बाजू वाचते आणि खाली ठेवते, तो खाली ठेवण्याचा क्षण बघण्यासाठी. माझ्या तेलाचं झाकण सैल होतं हे मला तिथे कळलं. तीन वर्षं लोक ते पर्समध्ये सांडवत होते आणि एकीनेही तक्रार केली नव्हती, फक्त परत आल्या नव्हत्या.

एकवीसवरून पाचवर येण्याचं राहिलं. त्या एकवीसमधल्या बऱ्याचशा "ताई, तुम्ही लिप बाम का नाही करत?" अशा प्रश्नांतून निघाल्या होत्या. दर नव्या वस्तूला वेगळी बाटली, वेगळं लेबल, वेगळी तपासणी, वेगळी मुदत. एका मार्चअखेरीला कपाटं उघडली तर मुदत संपत आलेला लाखावर माल निघाला. त्या दिवशी सोळा वस्तू बंद केल्या. वर्षभरात विक्री थोडी घटली आणि शिल्लक वाढली. तुम्हालाही हे प्रश्न येतील. हसून "बघू" म्हणा.

आता करायचं काम: ज्या मैत्रिणींकडे जेलच्या बाटल्या अजून पडून असतील त्यांना आज फोन करून त्या टाकून द्यायला सांगा, पैसे परत करा. आणि या दिवाळीला परवान्याखाली उटणं करायचं असेल तर वाळा आणि नागरमोथा जुलै-ऑगस्टमध्येच भरून ठेवा. गणपती गेले की बाजारात दोन्हींचे भाव चढतात, आणि तेव्हा मिळतो तो ओलसर असतो.